मातीला बसू द्यावं

पुण्यात ख्रिस्ती घरात माणूस गेला की तासाभरात दाराशी एक वाक्य येतंच: "रडू नका, प्रभूकडे गेलेत ते, चांगल्या ठिकाणी आहेत." सांगणारा मनापासून सांगत असतो. त्याला समोरच्याचं रडणं बघवत नाही, आणि शास्त्र, म्हणजे बायबल, आपल्याच बाजूनं आहे अशी त्याची खात्री असते. शास्त्रात मात्र तसं नाही. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौलाचं म्हणणं एवढंच आहे, की ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोक करूच नका, असं तो कुठेही म्हणत नाही. उलट रोमकरांस लिहिलेल्या पत्रात रडणाऱ्यांबरोबर रडा अशी सरळ आज्ञा आहे (१२:१५). त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात एक क्रम दिलाय: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. म्हणजे आशा सगळ्यांत शेवटी उगवते. आपण मात्र शवपेटी घरात असतानाच आशा वाटायला निघतो, आणि धीर धरायला जो वेळ लागतो तो द्यायची वेळ आली की घड्याळाकडे बघतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय भेटीला जाणाऱ्या प्रत्येकानं निघण्याआधी एकदा वाचावा. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी येशूला एकच तक्रार ऐकवतात, जवळजवळ त्याच शब्दांत: तुम्ही इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. मार्थेला येशू उत्तर देतो, पुनरुत्थानाविषयी बोलतो, तिला प्रश्न विचारतो आणि तीही उत्तर देते. मरीया पायाशी कोसळते तेव्हा तो काही शिकवत बसत नाही. त्याला कुठे ठेवलंय एवढंच विचारतो आणि रडतो. त्या भावाला, लाजराला, आपण थोड्याच वेळात कबरेतून जिवंत बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही रडतो. तक्रार एकच होती, माणसं दोन होती. दार उघडणारी व्यक्ती मार्था आहे की मरीया, हे बघून बोलायचं की नुसतं बसायचं ते ठरवावं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ईयोबानं तोंड उघडलं, मग यांनीही उघडलं, आणि त्याच्यावर हे का ओढवलं असेल याची कारणं शोधायला लागले. तिथे बिघडलं.

पहिल्या दिवशी बोलण्यापेक्षा कामं जास्त असतात, आणि ती कोणीतरी अंगावर घेणं हाच त्या दिवसाचा खरा दिलासा. घरातल्या जवळच्या माणसाकडे कागद देऊ नयेत. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एखाद्या शांत डोक्याच्या माणसानं एक फाइल धरावी: डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, गेलेल्याचं आणि अर्जदाराचं आधार, दफनासाठीचा पास, मंडळीच्या दफन नोंदवहीतली नोंद. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, पुढे वरच्या परवानग्या लागतात. पुण्यात इथे एक घोळ नेहमी होतो. नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, जिथे गेला तिथे होते. वडगाव शेरीत राहणारा माणूस कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या दवाखान्यात गेला असेल, तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. कॅन्टोन्मेंट बोर्डातच जावं लागतं.

दुसरा घोळ नावाचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर शमुवेल, आधारवर सॅम्युअल, पेन्शनच्या कागदावर वडिलांचं नाव गाळून नुसतं एस., आणि घरात तर सगळे बापूच म्हणायचे. मृत्यूच्या दाखल्यावर आधारप्रमाणेच नाव लागेल हे अर्ज भरतानाच बघावं, आणि दफन नोंदवहीतही तेच लिहून घ्यावं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम काढाव्यात. बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, वीजमीटर, सगळीकडे प्रत मागतात, आणि दरवेळी नव्यानं रांगेत उभं राहणं म्हणजे जखमेची खपली काढणं.

मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मुलंबाळं असतील तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वाट्याला एक तृतीयांश येतं, आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखं वाटलं जातं. मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही. "बहिणीला लग्नात दिलंच होतं की" हे वाक्य कायद्यात बसत नाही. हे पहिल्या महिन्यात कोणी मोकळेपणानं सांगितलं, तर वर्षश्राद्धाच्या वेळी, म्हणजे आपल्याकडच्या वार्षिक स्मरणभक्तीला, भावंडं एका बाकावर बसतील अशी थोडी तरी शक्यता उरते. शोकाच्या काळात विश्वास सुटण्यापेक्षा नाती सुटल्याचीच उदाहरणं जास्त दिसतात, आणि बऱ्याचदा मुळाशी सातबारा नाहीतर फ्लॅट असतो.

कबर बांधण्याचा विषय साधारण महिनाभरात निघतो. परगावचे नातेवाईक असतात तोवर उरकून टाकू, असं कोणीतरी म्हणतंच. उरकू नये. खड्ड्यातून काढलेली माती परत भरताना मोकळी झालेली असते, म्हणून वर उंचवटा राहतो. आत पेटी असते. काही महिन्यांनी ओलीनं झाकण कुजून बसतं आणि वरची माती खाली जाते, कधी हळूहळू, कधी एका पावसात वीतभर. जिथे काळी माती आहे तिथे आणखी एक भानगड: ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर घाईनं बसवलेला ग्रॅनाइट वर्षभरात एका कोपऱ्यात झुकतो किंवा सांध्यात तडकतो. मग दोष गवंड्याला.

चांगला गवंडी स्वतःच सांगतो की एक पावसाळा जाऊ द्या. तोवर सागाचा किंवा सालईचा साधा क्रूस, त्यावर तैलरंगानं नाव आणि दोन तारखा. जुलैत जाऊन बघावं, खचलं असेल तिथे दोन-तीन घमेली मुरूम टाकून चोपावा. गणपतीनंतर पुन्हा बघावं. दिवाळी झाली, जमीन वाळली, उंचवटा सपाट होऊन तसाच राहिला, की मग बांधकाम. तेव्हाही चौथऱ्याचा भार भरलेल्या खड्ड्यावर येता कामा नये. काँक्रीटची लादी खड्ड्याच्या बाहेर, न खणलेल्या मातीवर चारी बाजूंनी निदान सहा-सहा इंच टेकली पाहिजे. पाटीवरची अक्षरं कोरून घ्यावीत, नुसती रंगवली तर दोन उन्हाळ्यांत उडतात. पक्कं बांधायला परवानगी आहे का, कुटुंबातल्या पुढच्या दफनासाठी तीच जागा उघडायची आहे का, हे दफनभूमीच्या समितीला आधी विचारावं. आणि कोरायला देण्याआधी वचनाचा संदर्भ दोघांनी शास्त्र उघडून ताडून बघावा. योहानाचं शुभवर्तमान आणि योहानाचं पहिलं पत्र यांची अदलाबदल झालेल्या पाट्या आपल्या दफनभूम्यांत हिंडणाऱ्याला सापडतात, आणि ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही.

मंडळीच्या वर्षातही असाच एक थांबण्याचा दिवस आहे, आणि त्याच्याकडे आपलं सगळ्यांत कमी लक्ष असतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी (गुड फ्रायडे), देवळं तुडुंब भरतात, तीन तासांची उपासना होते, क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. रविवारी पहाटे काही मंडळ्या थेट दफनभूमीत जमतात, कबरींवर मेणबत्त्या लागतात, पुनरुत्थानाची गाणी होतात. मधला शनिवार मात्र झाडलोट, फुलं आणि गाण्याच्या तालमीत जातो. कॅथलिक देवळांत त्या दिवशी वेदी उघडी असते, तिच्यावर कापड नसतं, आणि रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) होत नाही. ज्याच्या घरी माणूस गेलंय तो महिनोन्‌महिने याच शनिवारात राहत असतो. शुक्रवार होऊन गेलाय आणि रविवारचा अजून पत्ता नाही.

लूकच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात, येशूला कबरेत ठेवताना बघून परतलेल्या बायकांविषयी दोनच गोष्टी सांगितल्यात. त्यांनी सुगंधी द्रव्यं तयार केली, आणि शब्बाथ होता म्हणून त्या स्वस्थ राहिल्या. ही द्रव्यं प्रेताला लावण्यासाठी होती. पुनरुत्थानाच्या तयारीत त्या नव्हत्याच. येशूला पुरणाऱ्या निकदेमानं त्याआधी आणलेलं गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण तर सुमारे शंभर लित्रांचं होतं. लित्रा हे रोमी वजन आहे, आजच्या मापानं शंभर लित्रा तीस किलोंच्या वर भरतं. मेलेल्या माणसासाठी इतकं कोणी आणत असेल, तर तो काही चमत्काराची वाट बघत नसतो. तरीही या मंडळींना शास्त्रानं अविश्वासू म्हटलेलं नाही. हातात होतं ते काम त्यांनी केलं, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्या बायका थांबल्या. शोकातला धीर मला वाटतं एवढाच असतो. डोळे कोरडे ठेवण्याशी त्याचा काही संबंध नाही.

प्रार्थना सुचत नाही, ही तक्रार साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते. सुचू नयेच. त्यासाठी दुसऱ्याचे शब्द लिहून ठेवलेत. स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचं आहे, आणि पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. संध्याकाळी, दिवेलागणीला, मोठ्यानं वाचावं. दोन मिनिटं लागतात. आठवडाभर तेच. पहिले काही दिवस शेवटच्या दोन वचनांतला भरवसा तोंडातून निघत नसेल, तर चौथ्या वचनाला थांबावं आणि पुस्तक मिटावं. कोणी परीक्षा घेत नाहीये. ज्यांना तेवढाही उजेड नको वाटतो त्यांच्यासाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, आणि ते कोणी गाळून टाकलं नाही. चुकतं ते असं: रात्री अकरानंतर एकट्यानं लांबलचक प्रार्थना, त्यात उपास, मग झोप नाही, आणि तिसऱ्या दिवशी "देव ऐकत नाही" हा निष्कर्ष. देवाचा हिशेब नंतर करता येईल, आधी वरण-भात खाऊन झोपावं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं.

विलापगीत हे पुस्तक वाचायला थोडं अवघड आहे, पण त्याची बांधणी बघण्यासारखी आहे. पाच अध्याय. पहिला, दुसरा आणि चौथा प्रत्येकी २२ वचनांचे, कारण इब्री वर्णमालेत २२ अक्षरं आहेत आणि एकेक वचन क्रमानं एकेका अक्षरानं सुरू होतं. तिसरा अध्याय ६६ वचनांचा, दर अक्षराला तीन. पाचव्यात वचनं २२ च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलाय. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे सगळ्यांना पाठ असलेलं वचन तिसऱ्या अध्यायात, म्हणजे पुस्तकाच्या मध्यावर आहे. त्यानंतर गाडी पुन्हा विलापावर येते, आणखी दोन अध्याय, आणि शेवट होतो तो तू आम्हांला अगदीच टाकलंस की काय या शंकेवर. मार्चमध्ये आई जरा सावरली, हसली, मंडळीत गायली, आणि जूनमध्ये पुन्हा अंथरुणातून उठेना, म्हणून "हिचा विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेलं तेवढं वचन वाचलेलं असतं.

आपल्याच जिल्ह्यात केडगावला जाऊन येण्यासारखं आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत काही महिन्यांच्या अंतरानं गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला. कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, इथेच त्यांची इंग्लंडातल्या वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टरांशी ओळख झाली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढचं काम सगळ्यांना माहीत आहे: शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. त्यांच्या शेवटच्या महिन्यांविषयी मात्र कमी बोललं जातं. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाई गेल्या ५ एप्रिल १९२२ ला, नऊ महिने पुरे व्हायच्या आत. मूळ इब्री आणि ग्रीकवरून चाललेलं त्यांचं शास्त्राचं मराठी भाषांतर त्या मधल्या काळातही थांबलं नाही. याचा अर्थ दुःख झालं तरी लगेच कामाला लागावं, असा काढायला लोक टपलेलेच असतात. तसा तो नाही. ते काम लेकीच्या मृत्यूच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, हाताला सवयीचं होतं, आणि रोज थोडं थोडंच होण्यासारखं होतं. शोकात नवं काही सुरू करायला लावू नये. जुनं, लहान, रोजचं असं काही असेल तर ते सोडू देऊ नये.

मंडळीच्या भेटींचं गणित नेहमीच उलटं असतं. पहिल्या चार दिवसांत चप्पल काढायला जागा नसते, इतके डबे येतात की फ्रिजमध्ये मावत नाहीत. चाळिसाव्या दिवशी कोणी नसतं. महिला मंडळानं किंवा पाळकसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात पुढच्या तारखा फोनमध्ये घालून ठेवाव्यात: एक महिना, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा दिवस, पहिला नाताळ, पहिलं ईस्टर, वर्ष. जायच्या आधी फोन करावा. दोघांनी जावं, सहा जणांनी नाही. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. गेलेल्याचं नाव घ्यावं. ते टाळलं की घरच्यांना वाटतं लोक विसरले. प्रार्थना दोन मिनिटांची, आणि तिच्यात प्रवचन मिसळू नये. "काही लागलं तर सांगा" म्हणून निघून येऊ नये, कारण कोणी सांगत नाही. गुरुवारी बँकेत बरोबर येतो, असं सांगावं आणि यावं. एकट्या राहिलेल्या पुरुषाकडे तर हटकून जावं. त्याला गॅस नंबर कुठे लावायचा ते माहीत नसतं, भाजीवाल्याशी कधी बोललेला नसतो, आणि तो "मी ठीक आहे" म्हणतो.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, आणि तिथून महिनाभर त्या घराची कसोटी असते. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर रोषणाई, शेजारच्या खिडकीत चांदणी, करंज्यांचा वास, रात्री दहाला ढोलकी घेऊन नाताळची गाणी म्हणत फिरणारी पोरं. शोक असलेल्या घरी गाणाऱ्यांनी जावं की नाही? न विचारता टाळलं तर वाळीत टाकल्यासारखं होतं, न विचारता गेलं तर ढोलकी घणासारखी लागते. आदल्या दिवशी विचारावं. "या" म्हणाले तर ढोलकी बाहेर ठेवून एकच संथ गाणं म्हणावं आणि फराळाची वाट न बघता निघावं. घरात लहान मुलं असतील तर चांदणी लावावी की नाही हे त्यांनाही विचारावं. मोठ्यांनी परस्पर दोन वर्षं सण बंद केला की मुलं गेलेल्या आजोबांवरच रागावतात, आणि ते कोणाला बोलून दाखवत नाहीत.

एवढं सगळं करूनही काही माणसं सावरत नाहीत. सहा महिने, वर्ष उलटलं तरी रोजची कामं होत नाहीत, झोप तुटलेली, वजन उतरलेलं, गेलेल्याची ओढ तेवढीच तीव्र, किंवा "मीही जातो त्यांच्याकडे" अशी भाषा. या भाषेला स्वर्गाची ओढ समजून कौतुक करू नये. त्याच दिवशी घरच्यांना सांगावं, माणसाला एकटं सोडू नये, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. न संपणाऱ्या शोकाला आता वैद्यकशास्त्रातही वेगळं निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. पाळकांनी प्रार्थना करावी आणि डॉक्टरांची वेळही घेऊन द्यावी. गोळ्या चालू असताना कोणी "विश्वास ठेव आणि औषध सोड" असा सल्ला दिला, तर त्या माणसाचं नाव भेटींच्या यादीतून काढावं.